तारीखवालं घड्याळ

गुढीपाडव्याला चुलतभावाकडे जेवायला गेलो होतो. श्रीखंडाची सुस्ती डोळ्यांवर यायला लागली होती, तेवढ्यात त्याचा मुलगा फोन घेऊन शेजारी येऊन बसला. सव्वीस वर्षांचा आहे, पुण्यात संगणकाचं काम करतो.

"काका, हे ओळखा."

पडद्यावर एक घड्याळ होतं. काळी तबकडी, काळी कड, कडेवर साठ मिनिटांच्या खुणा, पोलादी पट्टा. आमच्या घराण्यात 'रोलेक्स हातात धरलेला माणूस' अशी माझी ख्याती आहे. मी ऐटीत म्हणालो, "सबमरीनर."

"बरोबर. पण कोणतं?"

"कोणतं म्हणजे? सबमरीनर म्हणजे सबमरीनर."

समोरच्याने नुसतं 'आंबा' म्हणून विषय संपवला, की देवगडचा माणूस त्याच्याकडे जसा बघेल, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझी शिकवणी सुरू झाली. तारखेची खिडकी आहे की नाही ते आधी बघायचं. मग कडेचा रंग. मग तबकडीवर खाली किती ओळी आहेत ते. निळ्या-लाल कडेचं ते 'पेप्सी', निळ्या-काळ्या कडेचं 'बॅटमॅन', तबकडी आणि कड दोन्ही हिरवी असली तर 'हल्क', नुसती कड हिरवी आणि तबकडी काळी असेल तर 'कर्मिट'. ही कंपनीची नावं नव्हेत, शौकिनांनी ठेवलेली लाडाची नावं. कंपनीच्या लेखी प्रत्येकाला एक नंबर, आणि नंबरामागे कधी कधी अक्षरं. पेप्सीच्या नंबरामागे बीएलआरओ येतं, ती निळा आणि लाल यांसाठीच्या फ्रेंच शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं. एलव्ही आलं तर हिरवी कड, एलएन आलं तर काळी. पाच आकडी नंबर असलेल्या जुन्या घड्याळात शेवटच्या आकड्यावरून धातू कळतो. शून्य असेल तर पोलाद, तीन असेल तर पोलाद आणि पिवळं सोनं, आठ असेल तर सगळं सोनं.

एवढं सगळं सांगणाऱ्या या मुलाच्या स्वतःच्या मनगटावर पावलं मोजणारी रबरी पट्टी होती.

"तू यातलं एखादं हातात तरी घेतलंयस का रे?" मी विचारलं.

"दुकानात काचेतून पाहिलंय. तुम्हीच तर घेतलं होतंत ना, आजोबांच्या दुकानात? डेटजस्ट होतं म्हणता."

होतं. आणि ते सांगायची संधी मी आजवर कधी सोडलेली नाही.

त्याचे आजोबा म्हणजे माझे काका. गिरगावात ठाकुरद्वारच्या नाक्यापासून आत गेलं, की एका चाळीच्या जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेची पेटी, तिच्यामागे एक टेबल, टेबलामागे काका. वरून कुणी जिना उतरला की पेटीतली घड्याळं थरथरायची. काकांच्या उजव्या डोळ्याला भिंग, मांडीवर पांढरं फडकं. निसटलेला स्क्रू फडक्यात पडला तर सापडायचा, जमिनीवर पडला तर माझं काम सुरू व्हायचं. उघडून ठेवलेल्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून उलटे घातलेले काचेचे पेले, आणि सगळीकडे पांढऱ्या पेट्रोलचा वास. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिथे सकाळपासून बसून असे. १९७४-७५ची गोष्ट, मी दहा-अकरा वर्षांचा.

त्या पेटीत तेव्हा फेवर ल्यूबा होती, वेस्ट एंड होती, रोमर, टिटोनी, कॅमी होती. त्यांच्यात आपली एचएमटी मिसळलेली असायची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली, आणि आमच्या चाळीत तोवर घराघरांत ती पोचली होती. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं आम्हा पोरांना क्रिकेटच्या संघासारखी पाठ होती. परदेशी घड्याळ मात्र उजळ माथ्याने दुकानात जाऊन घेणं अवघड होतं. ते कुणाच्या तरी बोटीवरून, कुणाच्या तरी आखातातल्या मेहुण्याकडून यायचं.

काकांना मात्र कंपन्यांच्या नावांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांची वर्गवारी वेगळी होती. 'पाणी शिरलेलं', 'कमान तुटलेलं', 'पडलेलं', 'दुसऱ्याने बिघडवलेलं'. आणि त्यावर मालकाचं लेबल. मास्तरांचं, गोदीतल्या कारकुनाचं, सासऱ्याने जावयाला दिलेलं. एखादं घड्याळ ते नुसतं कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "हे मास्तरांचं. डाव्या कुशीवर निजलं की मागे पडतं." आम्ही हसायचो. पण घड्याळ आडवं, उभं, उलटं ठेवलं की त्याची चाल बदलते हे अगदी खरं आहे. काका ते टिकटिकीवरून ओळखायचे.

आणि एक होतं 'चीफसाहेबांचं'. चीफसाहेब व्यापारी जहाजावर मोठे इंजिनिअर होते. वर्ष-दीड वर्षाने बोट सोडून घरी आले, की त्यांचं घड्याळ ओव्हरऑइलिंगला यायचं. रोलेक्स. एडनच्या बंदरात घेतलेलं. काका त्याला रोलेक्स म्हणत नसत, 'तारीखवालं' म्हणत. "तारीखवालं आलंय, हात धुऊन ये," म्हणायचे. मला वाटायचं, काकांना बिचाऱ्यांना त्याचं खरं नाव ठाऊक नाही.

ते घड्याळ मला आजही लख्ख दिसतं. कडेवर उभ्या रेघांची सोनेरी झालर, प्रकाशात चमचमणारी. तारखेवर काचेचा फुगीर थेंब, त्याखाली आकडा पोळीएवढा मोठा. काम झालं की पुसायचं काम माझं. काका जुन्या धोतराचं मऊ फडकं द्यायचे. ते अंगठ्याला गुंडाळून मी कडेवरून गोल गोल फिरवायचो. अंगठा कसा सुळ्ळकन फिरायचा, कुठे अडायचा नाही.

दुसरं काम तारीख लावायचं. हल्ली किल्ली अर्धी ओढून फिरवली की नुसती तारीख सरकते. त्या घड्याळात तशी सोय नव्हती. तारीख एकाने पुढे न्यायची तर काटे चोवीस तास पुढे फिरवायला लागायचे. घड्याळ दहा दिवस बंद पडलेलं असलं तर दहा दिवसांचे तास मी बोटांनी पार करायचो. काटे बाराला भिडले की आत 'टक' व्हायचं आणि आकडा एकदम बदलायचा. त्या 'टक'साठी मी वाट्टेल तेवढे दिवस फिरवायला तयार असे. काका मधूनच ओरडायचे, "रात्रीचे बारा की दुपारचे, ते बघ रे! नाहीतर साहेबांची तारीख भर जेवणाच्या वेळी उडायची!"

त्याचं मागचं झाकण उघडणं हा एक सोहळाच असे. झाकणाच्या कडेला बारीक दाते, आणि त्यात बसणारी किल्ली कंपनीची. ती काकांकडे कुठून असणार? त्यांनी एका लेथवाल्याकडून लोखंडाची तशी किल्ली कातून घेतली होती. झाकण निघालं की आतल्या बाजूला सुईने ओढल्यासारख्या बारीक खुणा दिसायच्या. ज्या ज्या कारागिराने ते घड्याळ उघडलं, त्याची ही सही. काकाही आपली खूण तिथे कोरायचे. मालकाला ती कधीच दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते.

एकदा चीफसाहेबांनी मुलीच्या लग्नाआधी घड्याळ आणलं. "जरा पॉलिश मारून नव्यासारखं करून द्या." काकांनी भिंग वर केलं. "साहेब, घासलं की धातू जातो. गेलेला परत येत नाही. ओरखडे राहू द्या, ते तुमचेच आहेत." साहेब थोडे नाराज होऊन गेले, पण काकांनी पॉलिश केलं नाही.

आता पुतण्यामुळे मला कळतं, की ज्याला आम्ही सरसकट 'रोलेक्स' म्हणायचो ते एक अख्खं गाव आहे. आणि त्या गावाची रचना पाहिली की मला आपले बारा बलुतेदार आठवतात. प्रत्येक मॉडेल कुठल्या तरी कामासाठी जन्माला आलेलं. १९२६ सालचं ऑयस्टर म्हणजे गावाचा पाया, पाणी आत न शिरणारी पेटी. कडेवरच्या त्या उभ्या रेघासुद्धा मुळात शोभेच्या नव्हत्या. कड पेटीवर घट्ट आवळता यावी म्हणून किल्लीला पकड मिळावी, यासाठी त्या होत्या. १९३१ साली मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी देणारं मशीन आलं, ते पर्पेच्युअल. १९४५ साली तबकडीवरच्या खिडकीत आपोआप तारीख बदलणारं डेटजस्ट आलं. १९५३ साली एव्हरेस्ट सर झालं आणि त्याच वर्षी एक्स्प्लोरर आलं. काळी तबकडी, आणि तिच्यावर तीन, सहा, नऊ हे ठसठशीत आकडे, म्हणजे धुक्यात, थकलेल्या डोळ्यांनाही वेळ दिसावी. पाणबुड्यांसाठी सबमरीनर. कडेवर साठ मिनिटं, कारण पाण्याखाली किती वेळ गेला हा जीवनमरणाचा हिशेब. १९५५ साली पॅन ॲमच्या वैमानिकांसाठी जीएमटी-मास्टर, चोवीस तासांत एकच फेरी मारणाऱ्या जादा काट्याचं. लोहचुंबकाच्या सान्निध्यात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी मिलगॉस, गुहा धुंडाळणाऱ्यांसाठी एक्स्प्लोरर टू, शर्यतीच्या गाड्यांसाठी डेटोना. आणि या सगळ्यांत पाटील म्हणावं असं डे-डेट, १९५६ सालचं. फक्त सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये, माथ्यावर वाराचं पूर्ण नाव. तो वार २६ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मागवता येतो.

तेव्हा कडेकडे पाहिलं की माणसाचा धंदा कळे. साठ खुणा म्हणजे पाण्यातला, चोवीस म्हणजे आकाशातला. आज बलुतं राहिलं, काम गेलं. पाणबुड्यांच्या मनगटावर आता संगणक असतो आणि सबमरीनर लग्नाच्या बंदगळ्याखाली दिसतं. जे पोलादी घड्याळ एके काळी हत्यार म्हणून विकलं जाई, त्यासाठी आज अधिकृत दुकानात नाव नोंदवून वाट बघायला लागते. अभिनेता पॉल न्यूमनच्या हातातलं डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. सुरुवातीच्या काळात ही डेटोना दुकानात पडून असायची, गिऱ्हाईक मिळायचं नाही.

जीएमटी-मास्टरची गंमत मी पुतण्याला सांगितली, तेव्हा मात्र तो चमकला. म्हटलं, "त्या जादा काट्यावर लंडनची वेळ लावलीस तर इथली अर्ध्या तासाने हुकणार. आपला देश साडेपाच तासांवर बसलाय आणि हे स्विस गडी पूर्ण तासांच्या उड्या मारतात. तो अर्धा तास आपला आपण मनातच मिळवायचा." तो म्हणाला, "हे कुठे वाचलं नव्हतं." मला बरं वाटलं. एवढ्या शिकवणीत एक तरी गुण मिळाला.

मग त्याने मला एक लागट गोष्ट सांगितली. जुन्या घड्याळांच्या जगभरच्या शौकिनांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे. रंगवलेली तबकडी, एकाचे काटे, दुसऱ्याचं मशीन, असं जोडकाम करून खपवलेलं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. शिवीच ती. मी क्षणभर गप्प झालो. कारण काकांच्या पेटीतून तबकड्या रंगवायला जायच्या, हे मला आठवत होतं. तीन बंद घड्याळांतून एक चालू व्हायचं, हेही आठवत होतं. पण ते कुणाला फसवायला नव्हतं. स्वित्झर्लंडचा सुटा भाग मिळायचा नाही, आणि मास्तरांना सकाळी सातच्या शाळेला वेळेवर जायचं असायचं. तबकडीवरचं नाव खरं की खोटं यापेक्षा काटा फिरतो की नाही, हा तेव्हाचा अस्सलपणा होता. आज अस्सल म्हणजे ज्याला कुणी हात लावला नाही ते. दोन्ही काळांना आपापली गरज होती, एवढंच. शिवी मात्र आमच्या वाट्याला आली.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस टायटनची क्वार्ट्झ घड्याळं घरोघर आली आणि काकांचं काम सेल बदलण्यावर आलं. "पाच मिनिटांचं काम आणि पाच रुपये. कानाला काही ऐकूच येत नाही," म्हणायचे. काही वर्षांत दुकान बंद झालं. पेटी कुणाला तरी दिली, हत्यारं गेली. राहिल्या त्या फक्त वह्या. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, वाण्याच्या खतावणीसारख्या. त्या चुलतभावाच्या माळ्यावर आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पुतण्याने एक वही आधीच खाली काढून ठेवली होती. मला दाखवायचं म्हणूनच तो बसला होता. पानापानावर काकांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तारीख, मालक, तक्रार, काय केलं, किती घेतले. आणि एका ओळीवर त्याने बोट ठेवलं.

'चीफ. रोलेक्स तारीख. १५००. काच नवी. ओ. ऑ. केसला हात लावला नाही.'

"हे बघा, काका, आजोबांनी मॉडेल लिहिलंय!"

"अरे, ते पैसे असतील."

"पंधराशे रुपये? त्या काळात, ओव्हरऑइलिंगचे?" तो हसला. "पट्टा काढला की पेटीच्या दोन शिंगांच्या मधे नंबर दिसतो. बाराच्या बाजूला मॉडेलचा, सहाच्या बाजूला त्या एका घड्याळाचा. साफ करायला आजोबा पट्टा काढणारच. घड्याळ बदललं असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी नंबर टिपून ठेवला."

मी पुढे वाचत होतो. तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "पण काका, १५०० म्हणजे डेटजस्ट नाही. डेटजस्ट १६००च्या घरात. ते ३६ मिलिमीटरचं. हे ३४चं, धाकटं भावंड. याच्या तबकडीवर नुसतं 'डेट' लिहिलेलं असतं. आणि शेवटी शून्य म्हणजे साधी कड. रेघा नाहीत. सोनंही नाही."

"अरे, मी पाहिलंय! सोनेरी रेघा होत्या, चमकायच्या!"

तो काही बोलला नाही. मोठ्यांना खोटं पाडायची आमच्याकडे पद्धत नाही.

नुसतं 'डेट'. म्हणजे तारीख. काका ज्याला 'तारीखवालं' म्हणायचे, ते त्यांचं अज्ञान नव्हतंच. तबकडीवरचं नाव त्यांनी वाचलं होतं आणि सरळ मराठीत म्हटलं होतं. त्या नावाला 'जस्ट' मी जोडलं, केव्हातरी नंतर, एखाद्या मासिकातली जाहिरात पाहून. रेघाही तिथूनच आल्या असणार, आणि सोनंही. दरवेळी गोष्ट सांगताना मी तिच्यावरून एक हात फिरवला होता. काकांनी जे पॉलिश घड्याळाला लावू दिलं नाही, ते मी पन्नास वर्षं आठवणीला लावत आलो होतो.

पुतण्याने फोनवर १५०० काढून माझ्यासमोर धरलं. लहानसं, साधं, पोलादी. कड गुळगुळीत, आमच्या जुन्या पितळी वाटीच्या काठासारखी. मला ते ओळखू येईना. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले. जुन्या धोतराचं फडकं, पांढऱ्या पेट्रोलचा वास, आणि त्या कडेवरून फिरणारा माझा अंगठा. रेघा असत्या तर फडक्याचा धागा अडकला असता, अंगठ्याला त्या बोचल्या असत्या.

अंगठा गोल गोल फिरत होता, आणि कुठेही अडत नव्हता.

"हेच," मी म्हणालो. "हेच ते."